बोलके पान : धूळपाटीपासून बुलढाण्याच्या वर्गखोलीपर्यंत

सातपुड्याची रांग बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला येऊन टेकते. तिच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यातील मोजक्या वस्त्यांत, निहाली नावाची एक भाषा बोलली जाते. ती बोलणाऱ्यांची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास असल्याचे अभ्यासक सांगतात. मराठीशी, हिंदीशी आणि शेजारच्या कोरकूशी या भाषेचे देणेघेणे पुष्कळ आहे, परंतु कोणत्याही भाषाकुळाशी तिचे रक्ताचे नाते आजवर सिद्ध झालेले नाही. तिला स्वतःची लिपी नाही. दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या भाषा १९७१पासून जनगणनेच्या तक्त्यांत वेगळ्या छापल्या जात नाहीत, त्यामुळे सरकारी आकड्यांतही ती दिसत नाही. अशा घरातील मूल सहाव्या वर्षी शाळेत येते, तेव्हा त्याच्या हाती मराठीचे पाठ्यपुस्तक पडते. पुस्तक देखणे असते, चित्रांनी सजलेले असते; परंतु त्या मुलाच्या दृष्टीने ते मुके असते. मूल त्याला काही विचारू शकत नाही, आणि विचारले तरी पुस्तक त्याच्या बोलीत उत्तर देऊ शकत नाही.

छापील पानाचे हे मुकेपण दूर करण्याची धडपड मोठी जुनी आहे. आज आपण जिला संवादी डिजिटल दस्तऐवज म्हणतो, म्हणजे बोट लावताच बोलणारे, प्रश्न विचारणारे, चुकले तर थांबवून समजावणारे पान, ती वस्तू संगणकाबरोबर एकाएकी आकाशातून पडलेली नाही. तिच्यामागे काही शतकांचा विचार आहे. त्या विचारात धर्मगुरू आहेत, धर्मभगिनी आहेत, अभियंते आहेत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजीही आहेत. आपली मुले आज हातात घेऊन बसलेल्या पडद्याकडे नीट पाहायचे असेल, तर हा इतिहास आपल्याला ठाऊक असणे आवश्यक आहे, असे आम्हांला वाटते.

प्रश्नोत्तरांचे पान

भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातील संत पॉल महाविद्यालयात सुरू झाला. त्यानंतर सुमारे दोन पिढ्यांनी, १६१६ साली, येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. आपल्या वाचकांना ते परिचित आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचा दुसरा ग्रंथ अधिक महत्त्वाचा ठरतो. त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, त्यांची कोकणी भाषेतील 'दौत्रिन क्रिस्तां' प्रसिद्ध झाली. मुलांना शिकवण्यासाठी संवादाच्या रीतीने रचलेली, असे तिच्या मुखपृष्ठावरच नमूद आहे. एकाने विचारायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. छापील पानाला बोलते करण्याचा आपल्या किनाऱ्यावरचा हा फार जुना प्रयत्न होय.

या रीतीची मर्यादाही उघड होती. उत्तर आधीच ठरलेले असे. मुलाने चुकीचे उत्तर दिले, तर पुस्तकाजवळ त्यावर काही उपाय नव्हता. ती उणीव भरून काढायला समोर गुरूच हवा होता.

त्याच शतकात, १६५८ मध्ये, न्यूरेंबर्ग येथे मोरावियाचे बिशप कोमेनियस यांचे मुलांसाठीचे सचित्र पुस्तक, 'ऑर्बिस पिक्टस', प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक चित्रातील वस्तूंना क्रमांक दिलेले होते आणि तेच क्रमांक शेजारच्या मजकुरातील शब्दांनाही होते. मुलाने चित्रातील वस्तूवर बोट ठेवायचे, तिचा क्रमांक पाहायचा आणि मजकुरात तिचे नाव शोधायचे. आजच्या पडद्यावर चित्राला बोट लावताच शब्द उमटतो, त्या दुव्याचे बीज या क्रमांकांत आहे. फरक इतकाच, की कोमेनियसच्या पुस्तकात तो दुवा मुलाच्या डोळ्यांनी जोडायचा असे. आज तो यंत्र जोडते.

संत थॉमसचे शब्द आणि छिद्रांची कार्डे

यंत्राने शब्द जोडावेत, ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांमध्ये एका इटालियन येशूसंघीय धर्मगुरूचे नाव अग्रस्थानी आहे. फादर रोबेर्तो बुसा यांचा जन्म १९१३चा. संत थॉमस अक्वायनस यांच्या लिखाणातील 'उपस्थिती' या कल्पनेवर ते प्रबंध लिहीत होते. संशोधन करताना त्यांच्या ध्यानात आले, की मोठ्या शब्दांपेक्षा 'मध्ये' या अर्थाचे लहानसे लॅटिन अव्यय अधिक सांगून जाते. ते अव्यय जिथे जिथे आले आहे, तिथले प्रत्येक वाक्य त्यांनी हाताने कार्डांवर उतरून घेतले. अशी दहा हजार कार्डे तयार झाली. तेव्हा त्यांना उमगले, की संताच्या समग्र लिखाणाची अशी सूची हाताने करायला एक आयुष्य पुरणार नाही. १९४९ साली ते न्यूयॉर्कला जाऊन आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि हिशेबासाठी वापरली जाणारी छिद्रांच्या कार्डांची यंत्रे शब्दांसाठी मागितली.

पुढची सुमारे तीस वर्षे हे काम चालले. इटलीतील गाल्लाराते येथे ही कार्डे छिद्रांकित करण्याचे कष्टाचे काम बहुतांशी तरुण मुलींनी केले, हेही इथे नोंदवले पाहिजे. कारण इतिहासात त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. सुमारे एक कोटी शब्दांची ही सूची छप्पन्न खंडांत छापली गेली. नंतर ती तबकडीवर आली आणि २००५ मध्ये संगणकाच्या जाळ्यावर सर्वांना खुली झाली. एका शब्दाला स्पर्श करावा आणि तो शब्द ग्रंथात जिथे जिथे आला आहे ती सर्व स्थळे समोर उभी राहावीत, हा आज सामान्य वाटणारा अनुभव घडवण्यात या धर्मगुरूंचा मोठा वाटा आहे. फादर बुसा २०११ साली निवर्तले.

योगायोग असा, की १९१३ याच वर्षी अमेरिकेत मेरी केनेथ केलर यांचा जन्म झाला. धर्मभगिनी होऊन गणित शिकवता शिकवता त्या संगणकाकडे वळल्या आणि १९६५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत या विषयात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. पुढे ड्युब्युक येथील क्लार्क महाविद्यालयात त्यांनी संगणकशास्त्राचा विभाग स्थापन केला आणि दोन दशके तो सांभाळला. संगणक हे केवळ अभियंत्यांचे यंत्र नसून शिकवण्याचे साधन आहे, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी संगणक एका खोलीएवढा असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आग्रहातील दूरदृष्टी कळते.

चुकलेल्या मुलाचे काय करायचे?

पानाने प्रश्न विचारला आणि मूल चुकले, तर पुढे काय? संवादी पानाचा खरा कस इथे लागतो. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५०च्या दशकात शिकवणारी यंत्रे तयार केली. त्यांचा मार्ग असा, की धड्याचे इतके लहान तुकडे करावेत की मुलाने सहसा चुकूच नये. त्याच सुमारास नॉर्मन क्राउडर यांनी नेमका उलटा विचार केला. त्यांची 'विखुरलेली' पुस्तके साधी छापील होती, परंतु ती ओळीने वाचायची नसत. प्रश्नाखाली तीन-चार उत्तरे दिलेली असत आणि प्रत्येक उत्तरापुढे वेगळ्या पानाचा क्रमांक असे. चुकीचे उत्तर निवडणारा मुलगा ज्या पानावर पोहोचे, तिथे त्याची नेमकी चूक काय झाली, ती का झाली असावी, हे समजावलेले असे. मग त्याला पुन्हा मूळ प्रश्नाकडे पाठवले जाई.

आम्हांला क्राउडर यांचा मार्ग अधिक मानवी वाटतो. एक उदाहरण घेऊ. ३०४ वजा १६८ हे गणित करताना पुष्कळ मुले २६४ असे उत्तर काढतात. ते उत्तर अज्ञानाने आलेले नसते. मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो : आठातून चार, सहातून शून्य, तिनातून एक. हातचा उसना घेण्याची कल्पना त्याला उमगलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पडद्यावर लाल फुली उमटवून 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणणारे पान त्या मुलाला काहीच शिकवत नाही. '२६४' हे उत्तर येताच दहा-दहाच्या काड्यांच्या जुड्या दाखवून, एक जुडी सोडवायला सांगणारे पान मात्र त्याला खरोखर शिकवते. म्हणजे चांगले संवादी पान रचणाऱ्याला विषय येऊन भागत नाही. मुले त्या विषयात कशी चुकतात, हे त्याला ठाऊक असावे लागते. हे ज्ञान वर्षानुवर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकाजवळ असते.

१९६० साली इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' नावाची संगणकी शिक्षणाची योजना सुरू झाली, आणि पुढे १९७०च्या दशकात तिच्या पडद्याला बोटाचा स्पर्श कळू लागला. १९७२ मध्ये ॲलन के यांनी मुलांच्या हातात मावेल अशा पुस्तकाएवढ्या संगणकाचे चित्र कागदावर मांडले. १९८७ मध्ये 'हायपरकार्ड' आले. त्यात शिक्षकाला संगणकाची भाषा फारशी न शिकता कार्डावर चित्र, आवाज आणि कळ ठेवून स्वतःचा धडा रचता येत असे. शिक्षक अशा पानाचा लेखक झाला. परंतु पुढे ते साधनच बंद पडले आणि त्यात रचलेले असंख्य धडे उघडेनासे झाले. असेच पुढे 'फ्लॅश'चे झाले. शाळांना विकल्या गेलेल्या कितीतरी तबकड्यांतील हलणारी चित्रे त्यावर अवलंबून होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेण्यात आला.

इथे फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची आठवण होते. १६१६, १६४९ आणि १६५४ या तीनही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. तरीही तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला, तो हस्तलिखितांतून. श्रद्धाळू कुटुंबांनी तो पुन्हा पुन्हा हाताने उतरून घेतला आणि अशा प्रतींच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला. जे लिखाण लोकांना उतरून घेता येते, ते टिकते. जे एकाच कुलपात बंद असते, ते कुलपाबरोबर नाहीसे होते. डिजिटल दस्तऐवज रचणाऱ्याने हा धडा विसरू नये.

वऱ्हाडातील वर्ग

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बुलढाणा हा वऱ्हाडाचा भाग. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ पर्यंत नागपूर हीच इथल्या शाळांची राजधानी होती. त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र, असा प्रवास एका पिढीने पाहिला. पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत. ती पुसून पुन्हा गिरवता येत असत. चूक कायमची राहत नसे. धूळपाटी हे एका अर्थी फार उदार साधन होते. तिच्यानंतर पाटी-पेन्सिल आली, आणि २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाल्यावर 'बालभारती' घरोघर पोहोचली. मेहकरचे मूल आणि मालवणचे मूल प्रथमच एकच पान उलटू लागले. ही समतेची मोठी गोष्ट होती. मात्र त्या एकाच पानात मेहकरची बोली, मालवणचा समुद्र आणि जामोदचा डोंगर सारखेच मावणे शक्य नव्हते.

पान हलते-बोलते करण्याचे सरकारी प्रयत्न १९७५-७६च्या उपग्रह दूरदर्शन प्रयोगापासून देशात सुरू झाले. सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत तो चालला. महाराष्ट्र त्यात नव्हता. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली आणि दूरदर्शनवरून शालेय कार्यक्रम आपल्या मुलांपर्यंत येऊ लागले. २०१७ मध्ये ती संस्था बंद करण्यात आली. दरम्यान सप्टेंबर २००४ मध्ये शिक्षणासाठीचा 'एज्युसॅट' उपग्रह आकाशात गेला. यांतील बहुतेक साधनांत एक समान उणीव होती. ती बोलत, पण ऐकत नसत. मुलाने हात वर केला, तरी दूरदर्शनच्या पडद्याला तो दिसत नसे.

संगणकाने ऐकण्याची सोय केली. परंतु मराठीपुढे आणखी एक अडचण उभी राहिली. पुष्कळ वर्षे आपण संगणकावर जी मराठी टंकित करीत होतो, ती केवळ डोळ्यांना मराठी दिसे. यंत्राच्या पोटात ती इंग्रजी अक्षरेच असत आणि प्रत्येक कंपनीचा सांकेतिक तक्ता निराळा असे. एका शाळेत केलेला धडा दुसऱ्या शाळेतील संगणकावर उघडला, की अक्षरांच्या जागी अर्थहीन खुणा दिसत. त्यात शब्द शोधता येत नसे आणि अंध मुलासाठी यंत्राकडून तो वाचूनही घेता येत नसे. १९९१ मध्ये युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान मिळाले, तरी खेड्यातील शाळांपर्यंत त्याचा लाभ पोहोचायला आणखी दीडेक दशक लागले. संवादी पानाची पहिली अट हीच आहे : त्यातील अक्षर यंत्रालाही अक्षर म्हणून कळले पाहिजे.

२२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा शासननिर्णय निघाला आणि 'डिजिटल शाळा' हा शब्द गावोगाव घुमू लागला. ठाणे जिल्ह्यातील पष्टेपाड्याच्या शाळेचे उदाहरण शिक्षक एकमेकांना सांगत. लोकवर्गणी जमली, पडदे आले, भिंती रंगल्या. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापण्याची कल्पना राबवली. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी १९९४ मध्ये जपानात जन्मलेली ही चौकोनी खूण आता कवितेच्या चालीपर्यंत आणि प्रयोगाच्या चित्रफितीपर्यंत नेऊ लागली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाचे 'दीक्षा' व्यासपीठ सुरू झाले आणि पुढे पाठ्यपुस्तकांत हे कोड सर्रास दिसू लागले. डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. शिक्षकाचे औदार्य कसे असते, हे जगाने त्या दिवशी पाहिले.

या धामधुमीत आम्ही एका शाळेत गेलो होतो. वर्गात मोठा पडदा होता आणि त्यावर स्वच्छ धुतलेले कापड घातलेले होते. "साहेब आले की काढतो," असे गुरुजी मोकळेपणाने म्हणाले. वीजबिल थकलेले होते आणि पडद्यावर दाखवायला जे होते, ते पाठ्यपुस्तकाचीच पाने होती. आम्ही त्यांना दोष दिला नाही. यंत्र आले होते. पान आले नव्हते. पडदा विकत घेता येतो, परंतु त्यावरचा धडा कोणीतरी बसून रचावा लागतो, हे आपण सारेच विसरलो होतो.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि साऱ्याच प्रश्नांची परीक्षा एकदम झाली. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला भ्रमणध्वनीवरून येऊ लागली. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली. परंतु कापूस-सोयाबीनच्या या प्रदेशात घरात एकच भ्रमणध्वनी, तो बापाच्या खिशात आणि बाप शेतात, हे चित्र नवे नव्हते. दोन भावंडांनी एक पडदा कसा वाटून घ्यायचा? संध्याकाळी फोन घरी येई, तेव्हा त्याचा विद्युत्भार संपलेला असे. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. जवळजवळ पावणेदोन वर्षांच्या त्या काळाने शिकवले ते एवढेच : जे पान जाळे नसताना उघडत नाही, ते आपल्या मुलांचे पान नव्हे.

लोणारचा धडा

चांगले संवादी पान कसे असावे, हे आपल्याच जिल्ह्यातील एका विषयावरून समजून घेऊ. लोणारचे सरोवर साऱ्यांना ठाऊक आहे. पुराणकथा त्याचा संबंध लवणासुराशी जोडते. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे पुष्कळ भूशास्त्रज्ञांनी ते ज्वालामुखीचे मुख मानले. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने ॲरिझोनातील विवराशी त्याचे साम्य दाखवले. अखेर १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी तेथील खडकांत प्रचंड आघातानेच निर्माण होणाऱ्या खुणा दाखवून हे उल्काविवर असल्याचे सिद्ध केले. त्याचे वय एका मोजणीने सुमारे बावन्न हजार वर्षे आले, तर २०११च्या सुमारास दुसऱ्या पद्धतीने केलेल्या मोजणीत ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे निघाले. जून २०२०मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला, असे शास्त्रज्ञांनी सांगितले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला.

छापील पुस्तकाला यातून एकच ओळ निवडावी लागते : लोणारचे सरोवर उल्कापाताने झाले. मूल ती पाठ करते. संवादी पान मात्र मुलाला त्या दीडशे वर्षांच्या वादात उभे करू शकते. प्रथम त्याला विवराचे चित्र आणि भोवतालचा काळा खडक दाखवावा आणि विचारावे : हे कशाने झाले असेल? मूल 'ज्वालामुखी' म्हणाले, तर फुली मारू नये. तसे म्हणणारे थोर अभ्यासक होऊन गेले, हे त्याला सांगावे आणि ज्वालामुखी असता तर आणखी काय सापडायला हवे होते, ते शोधायला लावावे. मग १९७३चे खडकांचे पुरावे त्याच्यापुढे ठेवावेत. शेवटी वयाचे दोन्ही आकडे मांडून ते वेगवेगळे का आले असावेत, याचा विचार करायला सांगावे. अशा धड्यातून मुलाला लोणार कळतेच. शिवाय माणसाला सत्य कसे हळूहळू सापडते, हेही कळते. तेही पाठांतराइतकेच मोलाचे आहे.

असे पान रचताना काही पथ्ये पाळावी लागतात. पडद्यावर काय दाखवायचे, यापेक्षा मूल काय करणार, हे आधी ठरवावे. एका वेळी एकच कल्पना मांडावी. शोभेची हलती चित्रे आणि मागून वाजणारे संगीत मुलाचे लक्ष विचलित करतात. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी ही गोष्ट प्रयोगांनी दाखवून दिली आहे. चित्र आणि त्याचे स्पष्टीकरण शेजारी-शेजारी असावे. दस्तऐवज आकाराने लहान असावा, जाळ्याविना उघडावा, साध्या भ्रमणध्वनीवर चालावा आणि कागदावरही छापता यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिक्षकाला तो बदलता आला पाहिजे. जामोदच्या गुरुजींना मेहकरच्या गुरुजींचा धडा घेऊन त्यात आपल्या गावची नदी घालता येत नसेल, तर त्या धड्याला संवादी म्हणण्यात अर्थ नाही.

निहालीचा एक शब्द

आता पुन्हा सातपुड्याच्या पायथ्याशी येऊ. निहाली भाषेची नोंद भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०६च्या खंडात आहे. १९६२ मध्ये डच पंडित कायपर यांनी तिच्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने नागराज यांचे निहालीचे व्याकरण आणि शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. त्याच दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. शैलेंद्र मोहन यांनी या वस्त्यांतील माणसांचे बोलणे ध्वनी आणि चित्रफितींच्या रूपात नोंदवून लुप्तप्राय भाषांच्या आंतरराष्ट्रीय संग्रहात ठेवले. ज्या भाषेला छापखान्याने कधी जवळ केले नाही, तिला डिजिटल दस्तऐवजाने थेट तिच्या आवाजातच जागा दिली. ही घटना लहान नव्हे.

परंतु संग्रहातील आवाज विद्वानांसाठी असतो. तो वर्गात आला, तर काय होईल? पाठ्यपुस्तकातील झाडाच्या चित्राला बोट लावताच प्रथम मराठी शब्द ऐकू यावा आणि मग वस्तीतल्याच एखाद्या आजीच्या आवाजात निहाली शब्द यावा. याला मोठे भांडवल लागत नाही. आजीची अनुमती, एक भ्रमणध्वनी आणि सावकाश बसून काम करणारा शिक्षक पुरेसा आहे. निहालीतील दोन, तीन आणि चार या संख्यांची नावे द्राविडी मुळाची आहेत, तर पाचपासूनच्या संख्या मराठी-हिंदीकडून आलेल्या आहेत. पहिलीच्या वर्गात अंक मोजताना हे शब्द ऐकवले, तर आपल्या घरचे बोलणे ही लाजण्याची गोष्ट नसून हजारो वर्षांच्या देवघेवीची खूण आहे, हे त्या मुलाला आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मराठी मुलालाही कळेल.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबांत कोणी ना कोणी शिक्षक किंवा शिक्षिका आहे. पुष्कळ घरांत संगणक शिकलेली तरुण मुले आहेत. आपल्याही घरांत सामवेदी, वाडवळी, कोळी, वऱ्हाडी, कोकणी अशा बोली आजी-आजोबांबरोबर ओसरत चालल्या आहेत. फादर बुसा यांना एका अव्ययासाठी दहा हजार कार्डे लिहावीशी वाटली, कारण लहान शब्दातही मोठा अर्थ दडलेला असतो, असा त्यांचा विश्वास होता. 'ख्रिस्तपुराण' आपल्याला लाभले, ते अनाम घरांनी ते उतरून ठेवले म्हणून. आज तेच काम आपल्या हाती नव्या साधनांनी आले आहे. येत्या सुटीत एखाद्या संध्याकाळी आपल्या आजीला दहा शब्द विचारावेत, तिचा आवाज साठवावा आणि शेजारच्या शाळेतील बाईंना तो द्यावा. बोलके पान तिथूनच सुरू होते.